खरबुजाएवढी माफी

ओकच्या बुंध्याशी पिवळसर भुकटीचा ढीग दिसला तेव्हा निशिगाकी तोमोनोरी यांनी पहिला संशय बायकोवर घेतला. यात दुष्टपणा काही नव्हता. लिफ्टची बटणं बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती, आणि तिथला नियमच असा की बिघाड दिसला की आधी सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे बघायचं.

"सायोको, तांदळाच्या मोची-वड्यांवर भुरभुरवायचं सोयाबीनचं पीठ तू इथे सांडलंस का?"

"झाडाला मोची भरवायचे दिवस अजून आले नाहीत माझ्यावर," सायोको स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली.

निशिगाकींनी बोट लावून भुकटी चाखली. पुढे ही हकीकत सांगताना हा भाग ते नेहमी गाळत, आणि सायोको तो नेहमी आठवणीने घालत असे. चव लाकडाची होती. त्यांनी मान वर केली. बुंध्यावर बारीक बारीक भोकं पडली होती, आणि त्यातल्या एका भोकातून भुकटी सावकाश बाहेर येत होती. आत कोणीतरी सुतारकाम काढलं होतं. मालकाला न विचारता.

आता एका झाडासाठी एवढं काय, असं कोणी म्हणेल. पण निशिगाकींचं घर बिवा सरोवराच्या वरच्या टेकडीवर होतं आणि गल्लीतून घरापर्यंत दगडी पायऱ्या होत्या. पुष्कळ होत्या. घर बघायला आले त्या दिवशी सायोको त्या पायऱ्या मोठ्याने मोजत, म्हणजे मोजण्याच्या निमित्ताने नवऱ्याला ऐकवत चढली. वर पोचल्यावर ती ओकखाली बसली, खालचं पाणी बघितलं आणि म्हणाली, "या झाडासाठी चढेन मी. पण ज्या दिवशी हे झाड नसेल, त्या दिवशी आपण स्टेशनजवळ फ्लॅट घ्यायचा. लिफ्टवाला." निशिगाकींनी हसत हसत हो म्हटलं होतं. ओक काही मरत नाही, असं त्यांना तेव्हा वाटत होतं.

मधल्या काळात सायोकोच्या गुडघ्यांनी फ्लॅटची बाजू घेतली. फ्रिजवर स्टेशनजवळच्या इमारतीचं रंगीत पत्रक आलं. आणि निशिगाकी लिफ्टच्या इमारतीत राहू शकत नव्हते. भीती वगैरे काही नाही. पण लिफ्टमध्ये शिरले की त्यांना सगळी बटणं दाबून बघितल्याशिवाय चैन पडत नसे. ओसाकाच्या एका हॉटेलात ते याच कारणाने नाश्त्याला पोचले नव्हते. रोज सकाळ-संध्याकाळ हे करायचं म्हणजे निवृत्ती घेऊन उपयोग काय?

तेव्हा झाड जगायला हवं होतं.

ते थेट नगरपालिकेच्या वन विभागात गेले.

"झाड कुठे आहे आपलं?" एका तरुण कारकुनाने अतिशय अदबीने विचारलं.

"अंगणात."

"मग आमच्याकडे नाही येत. आमच्याकडे डोंगर येतो."

"पण किडा डोंगरातूनच आलाय."

"हो, पण आला ना तो आता? म्हणजे तो डोंगरात नाही."

उद्यान विभागाने विचारलं की अंगणात लोकांना यायला-जायला मोकळीक आहे का. नाही म्हटल्यावर त्यांना मनापासून वाईट वाटलं. मग आरोग्य विभाग. तिथल्या बाईंनी विचारलं, "किडा चावतो का?"

"झाडाला चावतो."

"माणसाला?"

"अजून तरी नाही."

बाईंचा चेहरा पडला. पण आलेल्या नागरिकाला रिकाम्या हाताने परत पाठवणं त्या कार्यालयाच्या रक्तात नव्हतं. त्यांनी कपाट उघडलं आणि गांधीलमाश्यांचं पोळं काढताना घालतात तो डोक्यापासून पायापर्यंतचा पांढरा पोशाख काढून दिला. "आमच्याकडे उसना द्यायला एवढंच आहे," त्या म्हणाल्या. "घेऊन जा. आठवडाभर ठेवलात तरी चालेल."

निशिगाकींनी तो वाकून, दोन्ही हातांनी घेतला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

शेवटी झाडांच्या डॉक्टर आल्या. कोशिमिझु नावाच्या या बाई पांढऱ्या छोट्या ट्रकमधून आल्या, लाकडी हातोडीने बुंधा ठोकला, कान लावला, आणि मग म्हणाल्या, "झोप कशी आहे?"

"झाडाची?"

"तुमची. पुष्कळदा मालक आधी खचतात."

त्यांनी सांगितलं ते असं: किडा तांदळाच्या दाण्याएवढा. भोक पाडून आत शिरतो आणि जागा पसंत पडली की नातेवाइकांना बोलावतो. पोरांना खायला म्हणून बुरशी सोबत आणतो आणि आत तिची शेती करतो. ती बुरशी झाडाचं पाणी तोडते. "कुटुंबवत्सल आहे तसा," त्या म्हणाल्या. "कोवळ्या झाडांच्या वाटेला जात नाही. त्याला जाडजूड लागतं. वय झालेलं, वर्षानुवर्षं एका जागी बसलेलं."

निशिगाकींनी पोट आत घेतलं.

"आणि हा आभाळातून पडत नाही," कोशिमिझु-सान जरा मोठ्यानेच म्हणाल्या, कारण त्यांना झाडांशी बोलायची सवय होती. "जवळपास कुठेतरी मेलेल्या ओकचं लाकूड आणून ठेवलेलं असणार. त्यातून निघालेत हे."

कुंपणापलीकडे, तात्सुमी-सानच्या अंगणात, पाण्याची झारी धाडकन पडली.

"मांजर," निशिगाकी म्हणाले.

उपाय सोपा होता. बुंध्याला खाली ड्रिलने भोकं पाडून औषध सोडायचं. शुक्रवारी. तोवर घरच्यांनी किड्याच्या प्रत्येक भोकात टूथपिक ठोकून मोडायची, म्हणजे आतला बाहेर पडणार नाही आणि बाहेरच्याला घर मिळणार नाही. "यंदाचा हल्ला सोसून झाड उभं राहिलं तर पुढच्या वर्षी किडे सहसा त्याच्या नादी लागत नाहीत," त्या ट्रकमध्ये बसता बसता म्हणाल्या. "पण पानं तांबडी पडून वाळायला लागली की मला फोन करू नका. मग करवतवाल्याला करा."

घोडं अडलं ते ड्रिलपाशी. ड्रिल म्हणजे आवाज. आवाज म्हणजे शेजाऱ्यांना त्रास. आणि त्रास द्यायच्या आधी डावं-उजवं घर आणि समोरची तीन अशा पाच दारांवर जाऊन, हातात काहीतरी भेट घेऊन, स्वतः वाकून माफी मागायची, हे निशिगाकींना अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं.

"पातळ टॉवेल द्या," सायोको म्हणाली. "कागदात गुंडाळलेला. सगळे तेच देतात."

"मी विभागप्रमुख होतो सायोको. मी टॉवेल देऊ?"

"अहो, टॉवेलचा अर्थ लोकांना कळतो. टॉवेल म्हणजे थोडा आवाज होईल, सांभाळून घ्या. बाकी कशाचा अर्थ मला विचारू नका."

निशिगाकी क्योतोच्या मोठ्या दुकानात गेले आणि त्यांनी पाच खरबुजं आणली. साधी नव्हेत. एकेक वेगळ्या लाकडी पेटीत, पेंढ्यावर निजवलेलं, वर रेशमी फीत, आणि देठ असा तुरेदार की जणू ते शेतातून नाही, दरबारातून आलं आहे. गल्लीतल्या लोकांनी असं खरबूज फक्त इस्पितळात, दुसऱ्याच्या खाटेशेजारी बघितलं होतं.

चार दारं उघडली. चारही ठिकाणी लोकांनी पेटीकडे बघितलं, मग निशिगाकींकडे, मग परत पेटीकडे. निशिगाकी कमरेत वाकून एवढंच म्हणाले, "शुक्रवारपासून आमच्याकडे काम निघतंय. आपल्याला फार त्रास होणार आहे. माफ करा." हेच म्हणायची रीत आहे. कोणी 'थोडा त्रास' म्हणत नाही, ते उद्धटपणाचं दिसतं.

पाचवं दार तात्सुमी-सानचं. घंटी वाजवल्यावर आतला टीव्ही बंद झाला. मग काहीच झालं नाही. निशिगाकी खरबूज घेऊन परत आले. माफी दारात ठेवून येता येत नाही.

संध्याकाळी गेले, तेव्हा दिवा बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, तेव्हा मागचं दार वाजल्याचा आवाज आला आणि तात्सुमी-सान, वय आणि कंबर दोन्ही विसरून, चहाच्या मळ्यातून खाली पळताना दिसले.

"मी काय केलंय त्यांना?" निशिगाकी म्हणाले. गल्लीत इतकी वर्षं काढून आपल्याला बघून कोणी मळ्यातून पळावं, हे त्यांना फार लागलं.

इकडे गल्लीने आपल्या परीने हिशोब मांडला होता. त्या गल्लीत कामाचा आकार भेटीवरून ओळखत. टॉवेल आला तर गटार. साबणाची पेटी आली तर छप्पर. बिस्किटांचा डबा आला तर मुलगा-सून राहायला येणार आणि खोली वाढणार. खरबूज आजवर आलंच नव्हतं. गुरुवारी निशिगाकींना सभागृहात बोलावणं आलं. तिथे यंदाच्या गल्लीप्रमुख कुरामोची आजी मध्यभागी बसल्या होत्या आणि सगळ्यांचे चेहरे सुतकात बसल्यासारखे होते.

"निशिगाकी-सान," आजी म्हणाल्या, "आम्ही खरबूज खाल्लंय. तेव्हा आम्हाला बोलायला तोंड नाही. तरी विचारते. किती मजली?"

"काय किती मजली?"

"इमारत. उनो-सान म्हणतात पाच. मी म्हटलं, फीत रेशमी होती, सात असेल."

"इमारत नाही हो. झाड आहे. आमचा ओक आजारी आहे. औषध द्यायचंय."

सगळ्यांनी आजींकडे बघितलं.

"औषधाला किती वेळ लागेल?" कोणीतरी विचारलं.

"अर्धा तास."

अर्ध्या तासासाठी आपण काय खाऊन बसलो, हे प्रत्येकाला एकदमच उमगलं. त्या खरबुजाची परतफेड करायची तर निम्म्या तोलाची तरी भेट द्यावी लागणार होती.

"म्हणजे आम्ही तुमचे देणेकरी झालो," कुरामोची आजी खोल आवाजात म्हणाल्या. "यापेक्षा इमारत परवडली असती."

परतफेडीची पहिली संधी उनो-सान यांनी साधली. टीव्हीवर बागकामाचा कार्यक्रम चुकवत नाहीत म्हणून गल्लीत त्यांना तज्ज्ञ समजत. "माझे आजोबा आजारी झाडाला साके पाजायचे," ते म्हणाले, आणि घरून उंची साकेची बाटली आणून त्यांनी ओकच्या मुळाशी स्वतः ओतली. उरलेली दोघांनी मिळून झाडाच्या प्रकृतीसाठी घेतली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, बुंध्यावर भोकं दुप्पट झाली होती.

"दारूचा वास आला की ते लांबून येतात," कोशिमिझु-सान फोनवर म्हणाल्या. "तुम्ही त्यांना पार्टीचं आमंत्रण दिलंत. बरं, मी निघतेय."

"आज नको," निशिगाकी म्हणाले. "अजून एका घराची माफी बाकी आहे."

पलीकडे कॅलेंडर चाळल्याचा आवाज आला. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्या सोमवारी येतील, तोवर झाडाला सांगा थांबायला.

सायोकोने हे सगळं ऐकलं होतं. "वा," ती म्हणाली. "झाड मरेल, पण शिष्टाचार जगेल." मग तिने फ्रिजवरचं पत्रक काढून जेवणाच्या टेबलावर, नवऱ्याच्या भाताच्या वाडग्याशेजारी ठेवलं. फ्रिजमधलं पाचवं खरबूज इतकं पिकलं होतं की घरभर त्याचा घमघमाट सुटला होता. आणि शनिवारी सकाळी ओकच्या सगळ्यात वरच्या फांदीवर, सरोवराच्या बाजूला, काही पानं तांबडी दिसली.

सायोकोने ती बघितली. काही बोलली नाही. हेच वाईट होतं. ती पायरीवर बसून गुडघा चोळत नुसती वर बघत राहिली. आजवर तिच्या बोलण्याला निशिगाकी घाबरत आले होते, गप्प बसण्याचा सराव नव्हता.

ते दुकानात गेले आणि टूथपिकच्या होत्या नव्हत्या तेवढ्या डब्या उचलल्या. "घरी समारंभ दिसतोय," गल्ल्यावरची मुलगी म्हणाली. "आजारपण आहे," निशिगाकी म्हणाले, आणि तिने ओशाळून डब्या पिशवीत भरल्या.

जुलैतले डास हा स्वतंत्र विषय आहे. सांगायचा मुद्दा एवढाच की कुंपणाच्या बाजूचा बुंधा टोचायला बसल्यावर थोड्याच वेळात निशिगाकींनी गांधीलमाश्यांचा पोशाख अंगावर चढवला. आत ते वाफवलेल्या मोदकासारखे झाले, पण डास बाहेर राहिले. तोंडावर काळी जाळी, हातात जाड मोजे, चष्म्यावर धुकं. एक भोक, एक टूथपिक, टक, मोड. पुढचं भोक.

"साहेब," कुंपणापलीकडून दबका आवाज आला.

तात्सुमी-सान होते. हात जोडून उभे. निशिगाकी उठले, पण बोलायच्या आत तात्सुमी-सान बोलू लागले.

"नगरपालिकेतून आलात ना? तुम्ही येणार हे मला माहीत होतं. लपवत नाही काही. ते ओंडके माझेच आहेत." त्यांनी मागे बोट दाखवलं. ताडपत्रीखाली लाकडं रचून ठेवलेली होती. "बायको गेल्यापासून घरात हाताला काम नाही. म्हटलं, अळिंबी लावू. पलीकडच्या डोंगरावर वाळलेले ओक तोडून टाकले होते, फुकट न्या म्हणाले. ओंडक्यावर शिइताके जातीच्या छान येतात. आणि मग त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या... माझ्या हातातून झारीच पडली."

निशिगाकी जाळीआडून बघत राहिले. इथे त्यांनी पोशाखाची टोपी काढायला हवी होती. पण समोरचा माणूस इतका काकुळतीला आला होता की आता तोंड दाखवलं तर त्याला कुठे लपावं ते कळणार नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी आवाज जाड केला.

"शेजाऱ्यांना सांगितलंत का?"

"कसं सांगू? माफी मागायला जायचं तर हातात काहीतरी नको? सांगा साहेब, दुसऱ्याचं झाड मारल्यावर काय देतात? मी दुकानात जाऊन विचारलंसुद्धा. त्यांच्याकडे तसा खोकाच नाही. त्यात त्या भल्या माणसाने अख्ख्या गल्लीला खरबुजं वाटलीत. माझ्याकडेही घेऊन येतात. रोज. मी दाराच्या भोकातून बघतो. साहेब, ते खरबूज रोज थोडं जास्त पिकतंय. मला झोप नाही."

निशिगाकींचा चष्मा पूर्ण धुरकटला. तो वाफेनेच, असं ते पुढे सांगत.

"शेजारी... समजून घेतील," ते जाड आवाजात म्हणाले. "माझ्या माहितीप्रमाणे माणूस बरा आहे."

"माणूस देव आहे. त्या बाईंचं मात्र वाईट वाटतं. त्या झाडासाठी रोज त्या पायऱ्या चढतात."

"अहो," सायोकोने ओसरीवरून हाक मारली. "ते टोपडं काढा आणि बार्लीचा चहा घ्या. तात्सुमी-सानना पण विचारा."

निशिगाकींनी टोपी काढली. तात्सुमी-सान कमरेत वाकले. निशिगाकी वाकले. तात्सुमी-सान त्याहून खाली वाकले. निशिगाकींनी तेवढं वाकायचा प्रयत्न केला, पण तो पोशाख वाकायच्या माणसासाठी शिवलेला नव्हता, आणि ते तसेच ताठ, एखादं कपाट कलंडावं तसे, कुंपणाच्या झुडपात गेले. झुडपातून ते म्हणाले, "आमच्याकडे सोमवारी काम निघतंय. आपल्याला फार त्रास होणार आहे. माफ करा."

पाचवी माफी झाली. सायोकोने खरबूज तिथेच फोडलं आणि तिघांनी झाडाखाली बसून ते चमच्याने खाल्लं, कारण सुरी लावण्याच्या पलीकडे ते केव्हाच गेलं होतं.

रविवारी गल्ली देणं फेडायला आली. कोणी ठरवलं नव्हतं, पण प्रत्येकाच्या हातात टूथपिकच्या डब्या होत्या. उनो-सान यांनी जास्त आणल्या आणि दिवसभर कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. कुरामोची आजी स्टुलावर बसून खालची भोकं बघत आणि दर भोकाला "हं, घे" म्हणत. तात्सुमी-सान यांनी पहाटेच सगळे ओंडके जाळायला पाठवले होते. ते शिडीवर चढून वरची बाजू टोचत होते. संध्याकाळी तो ओक साळिंदरासारखा दिसत होता.

सोमवारी कोशिमिझु-सान आल्या. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, टूथपिकांवरून हात फिरवला. "इतका लाड झालेला रुग्ण मी बघितला नाही," त्या म्हणाल्या. ड्रिल चाललं. अर्धा तास लागला. आवाज दाढ कोरताना होतो तेवढाच होता, आणि तो ऐकायला अख्खी गल्ली खुर्च्या घेऊन आली होती.

"वाचेल का?" सायोकोने विचारलं.

"वसंतात कळेल."

सबंध हिवाळा पत्रक जेवणाच्या टेबलावरच राहिलं. ओकने तांबडी पानं गाळली, चांगलीही गाळली, आणि टूथपिका तेवढ्या मिरवत उभा राहिला. सुतारपक्षी येऊन त्या उपटून बघत आणि निराश होऊन जात. निशिगाकी रोज सकाळी एकेक फांदी बटणासारखी तपासत. सायोको पायऱ्या चढताना आता मोजत नसे. मध्ये दोनदा थांबे, आणि वर बघे.

एप्रिलमध्ये एका सकाळी सरोवराकडच्या फांदीवर रुपेरी लव असलेली इवलीशी पालवी दिसली. मग दुसऱ्या फांदीवर. अगदी शेंड्याची एक फांदी तेवढी वाळकी राहिली. सायोको झाडाखाली बराच वेळ उभी होती. मग आत आली आणि पत्रकात कांद्याची सालं गुंडाळून तिने ते टाकून दिलं.

"म्हणजे आता मरेपर्यंत पायऱ्या," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार होती, पण त्या तक्रारीत जीव नव्हता.

निशिगाकींना आनंद झाला आणि लगेच लाजही वाटली. तिच्या गुडघ्यांचं त्यांच्याकडे काहीच औषध नव्हतं.

त्याच आठवड्यात घंटी वाजली. दारात तात्सुमी-सान. इस्त्रीचा सदरा, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. ते कमरेत वाकले.

"उद्यापासून माझ्याकडून काम निघतंय. आपल्याला फार त्रास होणार आहे. माफ करा."

"कसलं काम?"

"तुमच्या पायऱ्यांना कठडा बसवतोय. खालपासून वरपर्यंत. आणि मध्ये, वहिनी थांबतात ना, त्या दोन्ही ठिकाणी बाक."

निशिगाकींनी खाली पायऱ्यांकडे बघितलं. मागून सायोको पुढे आली.

"लाकडाचा आहे का कठडा?" तिने विचारलं.

"लोखंडी नळीचा," तात्सुमी-सान घाईने म्हणाले. "बाकसुद्धा."

निशिगाकींनी भेट दोन्ही हातांनी घेतली आणि, रीत मोडून, पाहुण्याच्या समोरच कागद जरासा उघडून बघितला. टॉवेल होता. पांढरा, निळ्या काठाचा, आणि इतका पातळ की पलीकडचं झाड दिसत होतं.